स्पोर्ट्‌स कारच्या फूटवेलमधील उष्णता

फूटवेल म्हणजे मोटारीत चालक आणि शेजारचा प्रवासी यांच्या पायांसाठी डॅशबोर्डखाली असलेली खोलगट जागा. क्लच, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर यांची पेडले याच जागेत असतात. स्पोर्ट्‌स कारमध्ये ही जागा इंजिन, गिअरबॉक्स आणि एक्झॉस्टच्या नळ्या यांना अगदी खेटून असल्यामुळे ती वाजवीपेक्षा जास्त तापते. ही तक्रार मोटारीच्या इतिहासाइतकीच जुनी आहे. पायांना चटके बसणे, बूट तापणे, चालकाला थकवा येणे ही तिची दृश्य लक्षणे होत. मात्र काही वेळा ही उष्णता केवळ गैरसोय नसून धोक्याची सूचना असते, कारण ज्या फटींतून गरम हवा आत येते त्याच फटींतून विषारी वायूही येऊ शकतो. या उष्णतेची कारणे, तिचे निदान आणि ती कमी करण्याचे उपाय यांची माहिती या लेखात दिली आहे.

समस्येचे स्वरूप

सामान्य प्रवासी मोटारीत इंजिन आणि बैठकीची जागा यांच्यामध्ये पुरेसे अंतर असते. स्पोर्ट्‌स कारची रचना वेगळ्या हेतूने केलेली असते. वळणावर गाडी स्थिर राहावी म्हणून तिचे वजन पुढच्या व मागच्या चाकांवर शक्य तितके समान वाटले जाते. त्यासाठी पुढे इंजिन असलेल्या गाडीत इंजिन बरेच मागे, म्हणजे बैठकीकडे सरकवलेले असते. परिणामी चालकाचे पाय इंजिनाच्या बाजूला नसले, तरी त्याच्या मागच्या टोकापासून हातभर अंतरावर येतात. गिअरबॉक्स दोन्ही बैठकींच्या मधोमध असलेल्या बोगद्यासारख्या भागात बसवलेला असतो आणि चालकाची पोटरी त्या बोगद्याच्या पत्र्याला टेकते.

गाडी जमिनीलगत असणे हे दुसरे कारण आहे. जमिनीपासूनचे अंतर कमी असल्याने एक्झॉस्टची नळी खाली लोंबती ठेवता येत नाही. ती तळाच्या पत्र्यालगत वर चढवावी लागते. तिसरे कारण वजन कमी ठेवण्याचा आग्रह हे होय. जाड गालिचे, नमदे, दुहेरी पत्रे यांना या गाड्यांत काट मारलेली असते. चौथे कारण इंजिनाची शक्ती. पेट्रोल इंजिनात इंधनाच्या ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांश भागच चाके फिरवण्यास उपयोगी पडतो. उरलेली ऊर्जा मुख्यतः एक्झॉस्टमधून आणि शीतकाच्या पाण्यातून उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून इंजिनाकडून जितके अधिक काम घेतले जाते, तितकी टाकून द्यावयाची उष्णताही वाढते.

उष्णता आत येण्याचे मार्ग

शालेय विज्ञानात शिकवले जाणारे उष्णतेच्या संक्रमणाचे तिन्ही प्रकार, म्हणजे वहन, अभिसरण आणि प्रारण, या लहानशा जागेत एकाच वेळी कार्यरत असतात. प्रत्येकावरचा उपाय निराळा असल्याने त्यांतील फरक समजून घेणे आवश्यक ठरते.

वहन : तापलेल्या पत्र्याच्या एका बाजूची उष्णता दुसऱ्या बाजूला पोहोचते ती वहनाने. पदार्थाची उष्णतावाहकता वॉट प्रति मीटर प्रति केल्विन या एककात मोजतात. अ‍ॅल्युमिनियमची वाहकता २०० च्या वर, साध्या पोलादाची सुमारे ५०, काचतंतूंच्या लोकरीची सुमारे ०.०४ आणि स्थिर हवेची सुमारे ०.०२६ असते. यावरून मिलिमीटरभर जाडीचा पत्रा उष्णतेला जवळजवळ काहीच अडथळा करीत नाही, हे स्पष्ट होते. उष्णतारोधक म्हणून वापरले जाणारे बहुतेक पदार्थ आपल्या तंतूंमध्ये किंवा छिद्रांमध्ये हवा अडवून धरतात आणि खरे काम ती अडकलेली हवा करते.

अभिसरण : गरम हवा फटींतून आत शिरते तेव्हा उष्णता अभिसरणाने येते. इंजिन आणि बैठककक्ष यांच्यामध्ये पत्र्याची आडभिंत असते. तिला फायरवॉल म्हणतात. पेडलांचे दांडे, स्टिअरिंगचा दांडा, विजेच्या तारा, हीटरच्या नळ्या आणि केबली या सर्वांसाठी या भिंतीत भोके पाडलेली असतात. भोकांच्या कडांना बसवलेली रबरी ग्रोमेटे कालांतराने कडक होऊन तडकतात किंवा गळून पडतात. उघड्या टपाच्या गाडीत यात आणखी एका गोष्टीची भर पडते. गाडी वेगात असताना बैठकीच्या जागेतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि इंजिनाकडची गरम हवा या भोकांतून आत ओढली जाते. टप उघडा असूनही पाय भाजतात, याचे कारण हेच आहे.

प्रारण : तापलेल्या वस्तूतून अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर पडते आणि तिला माध्यमाची गरज लागत नाही. चुलीसमोर बसणाऱ्याच्या पाठीला गार वारा लागत असला तरी तोंडावर धग लागते, तोच हा प्रकार. स्टीफन-बोल्ट्‌झमन नियमानुसार ही ऊर्जा निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. ३०० °से. तापमानाच्या आदर्श काळ्या पृष्ठभागातून दर चौरस मीटरला सुमारे ६ किलोवॉट ऊर्जा बाहेर पडते. तापमान ६०० °से. झाले की हा आकडा सुमारे ३३ किलोवॉट होतो. तापमान अंशांत दुप्पट होते, पण धग पाचपटीहून अधिक वाढते. म्हणूनच एक्झॉस्टजवळ प्रारण हा सर्वांत प्रभावी मार्ग ठरतो.

उष्णतेचे प्रमुख स्रोत

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि त्याच्या पुढची नळी हा पहिला आणि सर्वांत मोठा स्रोत होय. इंजिनावर भार असताना मॅनिफोल्डचे तापमान कित्येक शे अंशांपर्यंत जाते. ठिणगी पडण्याची वेळ योग्य क्षणापेक्षा मागे पडली असेल, तर ज्वलन उशिरा पूर्ण होते आणि अधिक गरम वायू एक्झॉस्टमध्ये जातात. त्यामुळे पायांना लागणाऱ्या धगीचे मूळ कधी कधी इंजिनाच्या बिघडलेल्या जुळणीत असते.

उत्प्रेरकी परिवर्तक, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, हा दुसरा स्रोत. अमेरिकेत १९७५ सालच्या मॉडेलांपासून तो मोठ्या प्रमाणावर वापरात आला. तो साधारण २५० ते ३०० °से. ला काम करू लागतो आणि नेहमीच्या वापरात ४०० ते ८०० °से. पर्यंत तापतो. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडेनाशी झाली, तर न जळलेले इंधन परिवर्तकात जाऊन तेथे जळते आणि त्याचे तापमान धोकादायक पातळीवर जाते.

गिअरबॉक्स आणि त्याचा बोगदा हा तिसरा स्रोत. इंजिनावरून आलेली गरम हवा याच बोगद्यातून मागे जाते. गिअरच्या दांड्याभोवतीचे रबरी आवरण फाटले असेल, तर ती थेट बैठकीत येते.

हीटर हा चौथा आणि बहुधा दुर्लक्षिला जाणारा स्रोत आहे. इंजिनातील सुमारे ८० ते ९० °से. तापमानाचे पाणी हीटरच्या जाळीतून फिरते. हा प्रवाह बंद करणारी झडप गंजून अर्धवट उघडी राहिली, तर भर उन्हाळ्यातही डॅशबोर्डखाली छोटा रेडिएटर चालू राहतो. शीतक पाण्याच्या नळ्या हेही असेच एक कारण आहे. ज्या गाड्यांचे इंजिन मध्यभागी आणि रेडिएटर पुढे असतो, त्यांत गरम पाणी गाडीच्या लांबीभर न्यावे लागते. १९९६ साली आलेल्या लोटस एलिझमध्ये या नळ्या दारांखालच्या पोकळ पट्ट्यांतून नेलेल्या आहेत.

काही प्रसिद्ध उदाहरणे

ब्रिटनमधील ऑस्टिन-हीली ३००० ही १९५९ ते १९६७ या काळात तयार झालेली गाडी तिच्या देखण्या रूपाइतकीच तापणाऱ्या फूटवेलसाठी प्रसिद्ध आहे. २,९१२ घन सेंटिमीटरचे सहा सिलिंडरांचे लांब इंजिन, बसकी बांधणी आणि तळालगतची एक्झॉस्ट नळी यांमुळे बैठक तापत असे. रॅलींसाठी कारखान्याने तयार केलेल्या गाड्यांच्या पुढील मडगार्डांत गरम हवा बाहेर पडण्यासाठी झरोके ठेवलेले होते.

एसी कोब्रा ही गाडी एका प्रयोगातून जन्मली. इंग्लंडमधील एसी एस या हलक्या गाडीत १९६२ साली कॅरोल शेल्बी यांच्या पुढाकाराने फोर्डचे आठ सिलिंडरांचे इंजिन बसवण्यात आले. पुढे याच मालिकेत सात लिटरचे इंजिनही आले. मोठे इंजिन आणि त्याच्या दोन्ही अंगांनी निघणाऱ्या एक्झॉस्ट नळ्या यांच्या बेचक्यात चालकाचे पाय येतात. या गाडीच्या प्रतिकृती आजही बांधल्या जातात आणि पायपेटीला उष्णतारोधक अस्तर देणे हा त्यांच्या बांधणीचा नेहमीचा भाग झाला आहे.

अमेरिकेतील डॉज व्हायपर आरटी/१० या १९९२ मध्ये बाजारात आलेल्या गाडीत आठ लिटरचे दहा सिलिंडरांचे इंजिन होते आणि एक्झॉस्ट दारांखालच्या उंबऱ्यातून बाजूला निघत असे. उतरताना पोटरी उंबऱ्याला लागून भाजण्याचा अनुभव अनेकांना येई. १९९६ मध्ये एक्झॉस्ट गाडीच्या मागील टोकाला नेण्यात आला.

एमजीबी (१९६२–१९८०) या गाडीवरून एक्झॉस्टची बाजू किती महत्त्वाची असते ते दिसते. तिच्या चार सिलिंडरांच्या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड दोन्ही डाव्या अंगाला आहेत. त्यामुळे उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाडीत धग प्रवाशाच्या वाट्याला येते, तर अमेरिकेत विकल्या गेलेल्या डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत ती चालकाला सोसावी लागते.

मॅकलारेन एफ१ या १९९२ साली सादर झालेल्या गाडीत इंजिनकक्षाच्या आतील बाजूला सोन्याचा वर्ख लावलेला आहे. सोने अवरक्त किरण अत्युत्तम रीतीने परावर्तित करते. तेथे हेतू मुख्यतः कार्बन तंतूंचा सांगाडा वाचवण्याचा होता, परंतु तत्त्व तेच आहे.

निदान

उपाय करण्यापूर्वी उष्णता नेमकी कोठून येते ते शोधणे आवश्यक असते. निदानाशिवाय तळाला महागडे अस्तर चिकटवले आणि हीटरची झडप तशीच गळत राहिली, तर खर्च आणि श्रम दोन्ही वाया जातात.

फटी शोधण्याची सर्वांत सोपी रीत अंधारातील दिव्याची आहे. रात्री बंद इंजिनाच्या बॉनेटखाली प्रखर दिवा ठेवून बॉनेट मिटावे आणि आत फूटवेलमध्ये डोके घालून पाहावे. जेथून प्रकाशाचा कवडसा दिसतो, तेथून हवाही येते.

हीटरची तपासणीही सोपी आहे. इंजिन तापल्यावर हीटरचा कळ बंद करून झडपेपुढच्या रबरी नळीला जपून हात लावावा. ती गरमच असेल तर झडप सदोष आहे. खात्री करण्यासाठी इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हीटरच्या दोन्ही नळ्या तात्पुरत्या एकमेकींना जोडून हीटर वगळता येतो.

पृष्ठभागाचे तापमान मोजण्यासाठी अवरक्त तापमापक वापरतात. मात्र चकचकीत धातूवर हे उपकरण फसते. अशा पृष्ठभागातून प्रारण कमी होत असल्याने ते खऱ्यापेक्षा बरेच कमी तापमान दाखवते. त्या जागी काळ्या, निस्तेज उष्णतासह रंगाचा ठिपका देऊन मोजल्यास आकडा विश्वसनीय मिळतो. धावत्या गाडीतील नोंदींसाठी तापयुग्म, म्हणजे थर्मोकपल, पत्र्याला चिकटवतात. उपायांच्या आधी आणि नंतर सारख्याच हवामानात, सारख्याच मार्गावर घेतलेल्या नोंदींची तुलना केली, तरच उपायाचा खरा परिणाम कळतो.

उपाय

उपायांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी बिघाड दुरुस्त करणे, मग फटी बुजवणे, त्यानंतर उष्णता उगमापाशी रोखणे आणि शेवटी बैठकीच्या बाजूने अस्तर देणे, हा क्रम कमी खर्चात अधिक फळ देणारा आहे.

बिघाड दुरुस्ती : ठिणगीची वेळ आणि इंधन-हवेचे मिश्रण तपासणे, एक्झॉस्टची फुटलेली गॅस्केटे बदलणे, हीटरची झडप बदलणे आणि रेडिएटर स्वच्छ करणे ही कामे प्रथम करावी लागतात.

फटी बुजवणे : तडकलेली ग्रोमेटे, पेडलपेटीच्या कडेचे रबर, गिअरच्या दांड्याचे आवरण आणि बोगद्याच्या झाकणाची पट्टी नवी बसवावी. एक्झॉस्टजवळच्या जागी साध्या रबराऐवजी सिलिकॉनचे रबर वापरतात, कारण ते अधिक तापमान सोसते. उघड्या टपाच्या गाडीत या एकाच उपायाने मोठा फरक पडू शकतो.

उष्णतेची ढाल : एक्झॉस्ट आणि पत्रा यांच्यामध्ये चकचकीत धातूचा पातळ पत्रा दोन्ही बाजूंना हवेची पोकळी ठेवून बसवला, तर प्रारण मोठ्या प्रमाणात अडते. गंजलेल्या पोलादाची उत्सर्जकता सुमारे ०.८, तर चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची सुमारे ०.०५ असते. दोन समांतर गंजलेल्या पत्र्यांमध्ये असा एक चकचकीत पत्रा ठेवला, तर सैद्धांतिक गणिताने त्यांच्यातील प्रारण सत्तावीस पटींनी घटते. प्रत्यक्षात धूळ, तेल आणि गंज यांमुळे एवढा लाभ मिळत नाही, तरीही तो भरघोस असतो. हवेची पोकळी मात्र अनिवार्य आहे. ढाल पत्र्याला थेट चिकटवली, तर उष्णता वहनाने पलीकडे जाते आणि चकाकीचा उपयोग उरत नाही. ढाल ठेवायच्या जागेचे तापमान फार जास्त असेल, तर अ‍ॅल्युमिनियमऐवजी स्टेनलेस स्टील वापरतात, कारण अ‍ॅल्युमिनियम ६६० °से. ला वितळते आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडते.

नळीवरील वेष्टन आणि लेप : एक्झॉस्टच्या नळीला काचतंतूंची किंवा बेसॉल्टतंतूंची पट्टी गुंडाळतात. त्यामुळे वायूंची उष्णता नळीतच राहून मागे वाहून जाते. या उपायाला दुसरी बाजू आहे. पट्टीत ओलावा साठतो, नळीचा धातू अधिक तापतो आणि साध्या पोलादाची नळी लवकर गंजते किंवा तडकते. पट्टीत तेल झिरपले तर ती पेट घेऊ शकते. सिरॅमिकचा लेप महाग असला तरी ओलावा धरत नाही.

आतील अस्तर : फूटवेलचा पत्रा स्वच्छ करून त्यावर उष्णतारोधक थर देतात. येथे ध्वनिरोधक आणि उष्णतारोधक यांची गल्लत नेहमी होते. डांबरी किंवा ब्युटिल रबराच्या जड चादरी पत्र्याची थरथर थांबवतात, पण उष्णता फारशी रोखत नाहीत. डांबरी चादरी तर तापून वास सोडतात. उष्णता रोखण्यासाठी बंद छिद्रांचा फोम, सिरॅमिक तंतूंची चादर किंवा नमदा लागतो. जागा फारच कमी असेल तेथे एरोजेलयुक्त चादर उपयोगी पडते. सॅम्युअल किस्लर यांनी १९३१ मध्ये प्रथम तयार केलेल्या एरोजेल या पदार्थाची वाहकता स्थिर हवेपेक्षाही कमी, सुमारे ०.०१५ असू शकते. अस्तराची जाडी वाढवताना पेडलांच्या हालचालीला अडथळा येणार नाही, याची खातरजमा करणे अत्यावश्यक आहे.

हवा खेळती ठेवणे : इंजिनकक्षातील गरम हवेला बाहेर पडण्याची वाट आणि फूटवेलमध्ये ताजी हवा आणणारी नळी, अशा दोन बाजूंनी हा उपाय होतो. बॉनेटवरील झरोके हवेचा दाब कमी असलेल्या जागी असावे लागतात. बॉनेटची मागची कड उचलून ठेवण्याची युक्ती लोकप्रिय आहे, पण ती वेगात बहुधा उलटते. समोरच्या काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढलेला असतो आणि त्यामुळे हवा तेथून बाहेर पडण्याऐवजी आत शिरते. शिवाय बैठकीत ताजी हवा घेणारी जाळीही बहुतेक गाड्यांत तेथेच असते आणि गाडी उभी असताना इंजिनाचा वास व धूर तिच्यातून आत येऊ शकतो.

सुरक्षितता

माणसाच्या त्वचेला सुमारे ४३ ते ४५ °से. तापमानाला वेदना होऊ लागतात. स्पर्श दीर्घकाळ राहिला, तर भाजण्यासाठी फार मोठ्या तापमानाची गरज नसते. दहा मिनिटे सलग टेकून राहिल्यास सुमारे ४८ °से. तापमानाचा पृष्ठभागही इजा करू शकतो. बोगद्याला टेकलेली पोटरी आणि पेडलापाशी स्थिरावलेली टाच अशा इजेला बळी पडतात. ज्यांच्या पायांची संवेदना मधुमेहामुळे मंदावली आहे, त्यांना चटका लागल्याचे वेळेवर कळत नाही.

अधिक गंभीर धोका कार्बन मोनॉक्साइडचा आहे. हा वायू रंगहीन व गंधहीन असून रक्तातील हिमोग्लोबिनशी ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर आणि गुंगी ही विषबाधेची लक्षणे उष्म्याच्या थकव्यासारखीच असल्याने फसगत होते. पूर्वी न तापणारे फूटवेल अचानक तापू लागले, त्याबरोबर इंजिनाचा फटफट आवाज वाढला किंवा प्रवासात डोके दुखू लागले, तर एक्झॉस्ट गळत असल्याचा संशय घेऊन गाडी थांबवावी, खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर पडावे. अशा वेळी अस्तर लावून धग झाकणे म्हणजे रोग तसाच ठेवून लक्षण दडवणे होय.

ब्रेकच्या द्रवावरही उष्णतेचा परिणाम होतो. त्याचा मुख्य सिलिंडर अनेक गाड्यांत फूटवेलच्या पुढच्याच भिंतीवर असतो. डॉट ४ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० °से. असतो. हवेतील ओलावा शोषल्यावर मात्र तो १५५ °से. पर्यंत उतरू शकतो. द्रव उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले, तर पेडल पोकळ लागते आणि ब्रेक निकामी होतात.

जुन्या गाड्यांच्या आडभिंतीवर मूळचे पुठ्ठेवजा अस्तर असेल, तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास अ‍ॅस्बेस्टॉसिस आणि कर्करोग होऊ शकतो. असे अस्तर कोरडे खरवडू नये. ते काढण्याचे काम जाणकारांकडे सोपवावे.

उष्ण प्रदेशातील परिस्थिती

वरीलपैकी बहुतेक गाड्या समशीतोष्ण हवामानाच्या देशांत घडल्या. इंग्लंडमध्ये २० °से. च्या दिवशी सुसह्य वाटणारी गाडी विदर्भातील ४५ °से. च्या उन्हाळ्यात असह्य होते, कारण फूटवेलचे तापमान बाहेरच्या तापमानावर चढत जाते. रस्त्याचे डांबरही उन्हाने तापलेले असल्याने गाडीच्या तळाखाली येणारी हवा आधीच गरम असते. शहरातील खोळंबलेल्या वाहतुकीत तर गाडी उभी राहून वाऱ्याचा झोत थांबतो आणि साठलेली उष्णता आत शिरते.

भारतात स्पोर्ट्‌स कारची निर्मिती मर्यादित प्रमाणात झाली. गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी गाडी तिचे एक उदाहरण होय. तिचा बाह्यभाग काचतंतू-प्रबलित प्लॅस्टिकचा होता. या पदार्थाची उष्णतावाहकता पोलादाच्या तुलनेत अत्यल्प असते, त्यामुळे वहनाने येणारी उष्णता कमी होते. मात्र त्यातील राळ जास्त तापमानाला मऊ पडते, म्हणून अशा पदार्थाच्या कोणत्याही गाडीत एक्झॉस्टपासून अंतर आणि धातूची ढाल यांची गरज अधिकच भासते.

भारतातील जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या मालकांच्या दृष्टीने फटी बुजवणे, हीटर पूर्णपणे वगळणे आणि हवेच्या पोकळीसह ढाल बसवणे हे तीन उपाय सर्वांत व्यवहार्य आहेत. त्यांना विशेष साहित्य लागत नाही, ते स्थानिक कारागिराकडून करून घेता येतात आणि गाडीच्या मूळ रचनेला धक्का न लावता पुन्हा काढूनही टाकता येतात.